स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेल्या पोरांबद्दलचा तो मेसेज: एकेक मुद्द्याला उत्तर

आमच्या खानापूरच्या बचत गटाच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायला लागलाय. म्हणे स्टेम सेल ट्रान्सप्लांट केलेलं (म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी दुसऱ्याकडून घेऊन घातलेलं) पोर जन्मभर काचेच्या घरात ठेवावं लागतं, शाळा नाही खेळ नाही, पुढं मूलबाळ होत नाही, ज्या भावंडानं पेशी दिल्या तेही खंगतं, त्यापेक्षा रक्त चढवत राहिलेलं बरं. माझ्या ताईची पोरगी थॅलेसेमियाची, म्हणजे जन्मापासूनच अंगात रक्त नीट बनत नाही, सारखं बाहेरून चढवावं लागतं, सहाव्या वर्षी बेंगळूरात ट्रान्सप्लांट झालं, आता दहा वर्षांची आहे, म्हणून लिहिते.

काचेचं घर. पहिल्या काही महिन्यांपुरतं खरं आहे हे. आधी केमो, म्हणजे जालीम औषधं देऊन जुनी मज्जा, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा गर, संपवतात, नव्या पेशी रुजायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर पोर वेगळ्या खोलीत. पुढं शंभर दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं, कारण दुसऱ्याच्या पेशी पोराच्या कातडीवर, आतड्यांवर, लिव्हरवर उलटू शकतात, त्यालाच जीव्हीएचडी म्हणतात, आणि काही पोरांना तो पुढंही बराच काळ छळतो, हे मी लपवणार नाही. ताई भाड्याच्या खोलीत राहिली, पाणी उकळून, फळ सोलून, गणपतीलासुद्धा गावाकडं आली नाही. लहानपणीच्या लसी परत पहिल्यापासून, गोवराची तर दोन वर्षांनी. पण जन्मभर? नाही हो, बहुतेक पोरांचं वर्ष-दीड वर्षात सुटतं.

शाळा नि खेळ. साधारण वर्षभरानं ती शाळेत गेली, आधी लवकर दमायची, वह्या अर्ध्या राहायच्या, बाईंनी सांभाळून घेतलं. अशा पोरांचं जगणं कसं चाललंय ते बघायला डॉक्टरांकडं पेड्सक्यूएल नावाची प्रश्नावली असते, त्यात पोराला वेगळं विचारतात आणि आईबापाला वेगळं, आणि बऱ्याचदा आईबाप पोरापेक्षा वाईटच सांगतात. आमच्यात तेच झालं. पळायला त्रास होतो का, यावर ताई म्हणाली होतो, पोरगी म्हणाली, "नाही, आईच पळू देत नाही." मला तर रडूच आलं तिथं.

मूलबाळ. इथं धोका खरा आहे, केमोचा बीजांडांवर परिणाम होतो, उंची आणि थायरॉईडवरही होऊ शकतो, म्हणून हा प्रश्न ट्रान्सप्लांटच्या आधी विचारा, काय जपून ठेवता येईल ते तेव्हाच ठरतं. "होतच नाही" हे मात्र खोटं, अशा मुली पुढं आई झालेल्या आहेत.

भावंड खंगतं म्हणे! आमच्यात धाकट्या भावानं मज्जा दिली, कमरेच्या हाडातून भूल देऊन काढली, चार दिवस दुखलं, मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

आणि रक्त चढवत राहा म्हणणाऱ्यांनी एकदा तरी दर तीन आठवड्यांनी पोर घेऊन बेळगावची बस धरावी. प्रत्येक बाटलीबरोबर लोह अंगात जातं, हृदयात नि लिव्हरमध्ये साठतं, ते काढायला रोज औषध. अगदी सख्ख्या भावंडाची मज्जा जुळायलाही चारात एकच संधी असते, त्यामुळं ज्यांना जुळत नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना रक्तावरच काढावं लागतं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्यांचं जुळलंय त्यांनी हा मेसेज वाचून वर्षं घालवू नका, लिव्हर खराब व्हायच्या आत, लहानपणीच केलेल्याचा रिझल्ट सगळ्यात चांगला असतो. ट्रान्सप्लांटनंतर आमच्या पोरीचं साठलेलं लोह कमी करायला डॉक्टरांनी तिचंच रक्त थोडं थोडं काढलं, आणि ताई ती पिशवी भरताना बघत बसली होती, कित्येक वर्षं रक्त मागत फिरलेली बाई.