सेकंडहँड गोल्फ ड्रायव्हरबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार दिलात. आमच्याकडून घेतलेल्या सेकंडहँड ड्रायव्हरमुळे (लांब फटक्यासाठीची गोल्फची काठी) गोल्फ क्लबच्या मासिक स्पर्धेतून तुम्हाला बाद केलं, आणि तक्रार घेऊन आलात तेव्हा काउंटरवर पैशांऐवजी नियम ऐकावे लागले, असं लिहिलंत. दोन्ही खरं आहे आणि चूक आमची आहे. पूर्ण रक्कम परत देतोय. पावती सापडली नाही तरी चालेल, आमच्या वहीत नोंद आहे.

तो ड्रायव्हर नकली नाही. त्याचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पुढचा भाग, पातळ आहे. चेंडू आदळला की आत दबतो आणि स्प्रिंगसारखा चेंडूला उसळवतो. अमेरिकेत या उसळीला १९९८ मध्येच मर्यादा आली. आपण आर अँड ए या ब्रिटनमधल्या गोल्फ नियामक संस्थेच्या नियमांनी खेळतो. त्या नियमांत ही मर्यादा सगळ्यांना लागू झाली १ जानेवारी २००८ पासून. पहिल्या मालकाने तो त्याआधी घेतला होता, तेव्हा क्लबच्या स्पर्धेत चालायचा. आम्ही शाफ्ट आणि ग्रिप तपासून रॅकवर ठेवला. कोणते ड्रायव्हर नियमात बसतात ते सांगणारी आर अँड ए ची यादी बघायला दोन मिनिटं लागली असती, ती बघितली नाही.

पण ‘हौशी खेळात दहा यार्डांनी काय बिघडतं, कमिटीने कानाडोळा करायला हवा होता’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. असा क्लब (म्हणजे काठी) नुसता बॅगेत असेल तर दंड नाही, पण त्याने एक फटका जरी मारला तरी खेळाडू बाद. त्यात सूट देणं कमिटीच्या हातात नसतं. शिवाय आपल्या मागे पंच फिरत नसतो. मार्करने, म्हणजे आपला स्कोअर लिहिणाऱ्या माणसाने, लिहिलेल्या आकड्यावर सगळे विश्वास ठेवतात, हँडिकॅपही (खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणारी फटक्यांची सूट) त्यावरच ठरतो. त्या दिवशी तुमच्यामागे एका स्ट्रोकने (फटक्याने) राहिलेल्या माणसाचाही विचार करा.

असंच एक उदाहरण: २००१ ची ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा, इंग्लंडमधलं रॉयल लिदम मैदान. शेवटच्या दिवशी वेल्सचा गोल्फपटू इयान वूसनम संयुक्त आघाडीवर, पहिल्याच होलला बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी). दुसऱ्या टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) कळलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, म्हणजे परवानगी असलेल्या १४ ऐवजी १५ क्लब. पहिला होल पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचा छोटा होल, त्यामुळे जादा ड्रायव्हर बाहेरसुद्धा निघाला नव्हता. तरी दोन स्ट्रोकचा दंड बसला आणि तो संयुक्त तिसरा आला. क्लब मोजायचे राहिले कॅडीकडून (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस), भोगलं खेळाडूने. तुमच्या बाबतीत त्या कॅडीच्या जागी आम्ही होतो, आणि हे मला फार लागलंय.

आता प्रत्येक जुना ड्रायव्हर मॉडेल आणि लॉफ्टनुसार (फेसचा कोन) यादीत बघूनच रॅकवर लागतो. तुमचा परत आला की पुन्हा विकणार नाही. आणि तो आम्हीच विकला, तुम्हाला कल्पना नव्हती, असं पत्र कमिटीला द्यायला मी तयार आहे. निकाल बदलणार नाही, पण तुम्ही जाणूनबुजून काही केलं नाही हे त्यांच्या नोंदीत राहील. कधी येऊ ते कळवा.