दादाचे जिंकणे कोण मोडीत काढणार?

आज दुपारी पुतण्याचा मित्र घरी आला होता. दादाने 'हेडीस' या व्हिडिओ गेममध्ये मेगेरा या बलाढ्य शत्रूला पहिल्यांदाच हरवले होते आणि मोठ्या उत्साहाने तो ते मुलांना दाखवत होता. तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, "काका, गॉड मोड चालू आहे ना, मग हे जिंकणं धरत नाहीत." दादाने मुकाट्याने कंट्रोलर खाली ठेवला. माझे डोके अजून शांत झालेले नाही.

दादाच्या उजव्या हाताचा अंगठा चार वर्षांपूर्वी प्रेस मशीनमध्ये सापडला, तेव्हापासून तो वाकत नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवून तो तर्जनीने बटणे दाबतो. गॉड मोड म्हणजे तरी काय, तर शत्रूचा मार सुरुवातीला २० टक्क्यांनी कमी लागतो आणि पुढे प्रत्येक मरणागणिक ही सूट २ टक्क्यांनी वाढत जाऊन ८० टक्क्यांवर थांबते. म्हणजे सवलतसुद्धा मरून मिळवावी लागते! मेगेरा आपल्या चाली सोडत नाही. तिची झेप चुकवायला डॅशचे, म्हणजे झटकन सरकण्याचे, बटण नेमके केव्हा दाबायचे, हे त्या एका बोटाला दादानेच शिकवले. याला कौशल्य म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

२०१९ च्या 'सेकिरो'मध्ये अवघडपणा निवडायची सोय नाही, सगळ्यांसमोर एकच भिंत असते आणि ती ओलांडण्याचा आनंद वेगळा असतो, हे मान्य. पण 'हेडीस'च्या कर्त्यांनी ही सोय स्वतःहून दिली आणि ती घेणाऱ्यापासून कथेचा एक शब्दही राखून ठेवला नाही. मग हा हिशेब ठेवणारे आपण कोण?

मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, हे लिहिता लिहिता जाणवते आहे. त्याला हे आमच्याच पिढीच्या खेळांनी शिकवले. १९९२ च्या 'वुल्फनस्टाइन थ्रीडी'मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली, की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी दिसायची. ते चित्र पाहून मीही हसलो होतो आणि सोपी पातळी घेणाऱ्या मित्राला महिनाभर चिडवले होते. त्याची आज फार लाज वाटते.

हे लिहीत असताना शेजारच्या खोलीतून बटणांचा आवाज येतो आहे. दादा पुन्हा खेळायला बसला आहे. आज मात्र त्याने दार लोटून घेतले आहे.