खुलासा: 'शॉक न देता नुसती छाती दाबली' या मेसेजबद्दल

सिडको, पंचवटी, नाशिकरोडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'मॉनिटरवर सरळ रेघ आली तरी नर्सनी शॉक दिला नाही, नुसती छाती दाबत बसल्या, बरगड्या मोडल्या.' मी इथेच आयसीयूत नर्स आहे, म्हणून लिहिते.

सरळ रेघेवर, म्हणजे हृदयाची हालचाल पूर्ण थांबलेली असताना, शॉक देतच नाहीत. हृदय वेडंवाकडं थरथरत असेल किंवा नाडी न लागता अतिवेगाने चालत असेल, तरच शॉक उपयोगी. सरळ रेघ असेल तर छाती दाबत राहायचं, दर ३ ते ५ मिनिटांनी अॅड्रेनलिन (हृदयाला चालना देणारं औषध) द्यायचं आणि कारण शोधायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे. एवढ्या जोराने बरगडी मोडू शकते. तो हलगर्जीपणा नव्हे. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून दाबणारी व्यक्ती बदलते. गादी मऊ असली की पाठीखाली फळी सरकवावी लागते. रात्रपाळीला माणसं कमी, त्यात नातेवाईक पलंगाभोवती दाटले की क्रॅश कार्ट (तातडीची औषधं आणि शॉकच्या मशीनची ढकलगाडी) आणायलाही वाट उरत नाही.

त्या पेशंटच्या घरच्यांचं दुःख खरंच मोठं आहे. शंका असेल तर केसपेपर मागा. अर्जानंतर ७२ तासांत द्यावे लागतात. पण हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.