दादा, पोरीला रेडिओलॉजी घेऊ दे

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर दादाचा फॉरवर्ड. कुठल्याशा एआय कंपनीचा साहेब म्हणतोय, दोन वर्षांत एजीआय येतंय, म्हणजे माणसाला जमतं ते सगळं मशीनला जमणार. खाली पुतणीला टॅग करून, "आता रेडिओलॉजीचा नाद सोड." पोर एमबीबीएस झालीये, पीजीचा प्रवेश तोंडावर आलाय, आणि तिचं ठरवतोय कोण? ज्याला स्वतःच्या कंपनीसाठी पैसा उभा करायचाय असा कुणीतरी साहेब!

अरे, हे २०१६ मध्येही ऐकलंय. एआयमधले नावाजलेले शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन तेव्हा म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट तयार करणं थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा सरस होईल. माणूस थोर, २०२४ ला नोबेल मिळालं. पण मागच्या महिन्यात आईच्या एमआरआयला तूच आलास ना? "डॉक्टर बघतील, मग रिपोर्ट" म्हणून संध्याकाळपर्यंत बाकड्यावर कोण बसलं होतं?

आणि ते खरेदीखत विसरलास? खरं तर गहाणखत, तीच तर गंमत.

पणजोबांचा मोडीतला कागद होता. मी फोटो काढून चॅटबॉटला दिला. पंधरा सेकंदांत सुरेख मराठीत मजकूर आला: पणजोबांनी जमीन विकत घेतली, उत्तरेस ओढा, पूर्वेस गावठाण. आपल्या शिवारात ओढा कुठला आलाय? पण वाचताना एकदाही शंका आली नाही, इतकं ठाम. दोन दिवस आपण जमीनदार होतो.

मग मोडी वाचणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी कागद खिडकीशी धरला, भिंग लावलं. मोडीत ओळभर रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची, शब्द कुठे तुटतो ते आपलं आपण ओळखायचं. काका पुटपुटत बोट सरकवत होते. मध्येच थांबले. "ताई, हे गहाण आहे, खरेदी नव्हे." आणि तीन ठिकाणी शाई पसरलेली, तिथे नुसती टिंबं दिली. "इथे अक्षर लागत नाही. उगाच कशाला लिहू?"

ती तीन टिंबं मशीनला येतील तेव्हा मला उठवा.

हो, मान्य, २०२५ मध्ये गणित ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर मशीनने सुवर्णपदकाइतके गुण काढले. उद्या मोडीही वाचेल. सोसायटीला पत्रं मीही त्याच्याकडूनच लिहून घेते, हसू नका. पण एक गोष्ट जमली की "आता सगळंच जमणार" ही उडी यांची जुनीच. १९६५ मध्ये एआयच्या पहिल्या पिढीतले संशोधक हर्बर्ट सायमन यांनी लिहून ठेवलं होतं, वीस वर्षांत माणसाचं कुठलंही काम यंत्र करेल. १९८५ मध्ये आपल्याकडे ट्रंक कॉल लावून बसत होते लोक! बरं, एजीआय म्हणजे नक्की काय, तेही प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगणार. गोलपोस्टला चाकं लावलीत नुसती.

चिडून लिहिलं. दादा, तुला काळजी आहे, कळतं मला. कर्ज काढून शिकवलंयस. पण काकांनी ती टिंबं दिली तेव्हा तू शेजारीच बसला होतास, आणि बाहेर आल्यावर "माणूस खरा आहे" असं तूच म्हणालास.

परवा चॉइस भरायची शेवटची तारीख आहे. फोन उचल.