‘शंभराचा चार्जर आणि हजाराचा चार्जर आतून सारखाच’: हे का खरं नाही

मोबाइलच्या स्वस्त चार्जरबद्दल एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: सगळे चार्जर पाचच व्होल्ट देतात. सगळे एकाच ठिकाणी बनतात, जास्तीचे पैसे नुसत्या नावाचे. फोन स्वतःचं रक्षण स्वतः करतो. हाताला झिणझिण्या येत नसतील आणि टेस्टर पेटत नसेल तर चार्जर निर्धोक. आणि काही झालंच तर एमसीबी पडेल. यातला फोनचा मुद्दा अर्धा खरा आहे. त्याच्या आधाराने बाकीचे चारही खपून जातात आणि लोक तो चार्जर मुलांच्या उशाशी लावून झोपतात. म्हणून एकेक मुद्दा उलगडून पाहू.

‘सगळे पाच व्होल्टच देतात’

साधे चार्जर देतात. पण ते चार्जरचं निम्मंच काम झालं. सॉकेटमधून येणारे २३० व्होल्ट एसी आत डायोडच्या ब्रिजमधून जातात आणि पहिल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात. काड्यापेटीएवढ्या पीसीबीचा (घटक बसवलेल्या सर्किट बोर्डाचा) एक अर्धा भाग या ३२५ व्होल्टवर असतो. दुसऱ्या अर्ध्या भागातून निघालेली वायर तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येते. या दोन भागांना कायम वेगळं ठेवणं हे चार्जरचं दुसरं काम, आणि जिवाशी गाठ आहे ती याच कामाची.

हे वेगळेपण तीन जागी राखावं लागतं. पहिली जागा पीसीबी. नीट बनवलेल्या चार्जरमध्ये प्रायमरी (सॉकेटकडच्या) आणि सेकंडरी (फोनकडच्या) बाजूंच्या तांब्याच्या रेषांत ५ ते ६ मिलिमीटरचा मोकळा पट्टा सोडतात, बऱ्याचदा तिथे बोर्डाला आरपार खाचही पाडतात. स्वस्तात हे अंतर एक-दोन मिलिमीटरवर येतं. वर सोल्डरचा ओघळ किंवा घटकाचा न कापलेला पाय आला की उरलेलं अंतरही संपतं. कोकणातल्या पावसाळ्यात बोर्डावर धूळ आणि ओल एकत्र बसते, तेव्हा तेवढ्या फटीतून वीज वाट काढू शकते.

दुसरी जागा ट्रान्सफॉर्मर. चांगल्या चार्जरमध्ये सेकंडरीचं वेटोळं तिहेरी इन्सुलेशनच्या वायरचं असतं आणि दोन्ही बाजूंमधलं इन्सुलेशन ३००० व्होल्ट एसी लावून तपासलेलं असतं. स्वस्तात साध्या एनॅमल वायरवर (वार्निशसारखा पातळ लेप दिलेल्या वायरवर) पिवळ्या टेपचा एखादा वेढा असतो. वायरींची टोकं पिनांकडे वळतात तिथे त्या एकमेकींना घासत असतात. उष्णतेने एनॅमल तडकलं की दोघींमध्ये काहीच उरत नाही. ही चूक वरून दिसत नाही, ट्रान्सफॉर्मर उलगडल्यावरच कळते.

तिसरी जागा दोन्ही बाजूंना जोडणारा छोटा निळा कपॅसिटर. सर्किटमधला गोंगाट (विजेचे नको असलेले चढउतार) मुरवण्यासाठी तो मुद्दाम बसवतात. तो ‘वाय’ वर्गाचा असावा लागतो. या वर्गाची रचना आणि चाचणी अशी असते, की तो शॉर्ट होऊन वीज पलीकडे जाऊ नये. त्याच्या जागी साधा १ किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला, तरी पाच व्होल्ट तसेच येतात. पण तो शॉर्ट झाला, तर मेन्सची वीज थेट फोनच्या वायरीवर येते.

एक गैरसमज उलट बाजूचाही आहे. आत ऑप्टोकपलर (दोन बाजूंमध्ये प्रकाशाने संदेश पोचवणारा घटक) दिसला नाही म्हणजे चार्जर टाकाऊ, असं नव्हे. प्रायमरी बाजूवरूनच व्होल्टेज सांभाळणारे चांगले आयसी आहेत. नजर घटकांच्या संख्येपेक्षा त्या अंतरावर आणि इन्सुलेशनवर हवी.

‘एकाच कारखान्यात बनतात’

बनत असतीलही. एकाच भट्टीत पाव भाजला म्हणून पीठ एकच होतं असं नाही. कारखाना गिऱ्हाईक देईल त्या घटकांच्या यादीप्रमाणे माल बनवतो. फ्यूजसारखा तुटणारा रेझिस्टर काढून साधा पाव वॅटचा लावला, व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज शोषणारा घटक) गाळला, १०५ अंश तापमान सोसणाऱ्याऐवजी ८५ अंशांचा कपॅसिटर घेतला, तर दर नगामागे थोडे थोडे रुपये वाचतात. कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर १० अंशांना निम्मं होतं, म्हणजे त्या एका बदलाने आयुष्य चौथाईवर येतं. यातलं काहीही गाळलं तरी दुकानात फोन लावल्यावर चार्जिंगची खूण दिसतेच. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही, म्हणूनच कात्री तिथे लागते.

फरक किती पडतो याचं एक मोजमाप आहे. ॲपलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ४०० नकली चार्जरांची यूएल या सुरक्षा चाचणी संस्थेने केलेली तपासणी २०१६ मध्ये जाहीर झाली. ४०० पैकी ३९७ नापास झाले, आणि त्यांतल्या १२ ची रचना इतकी वाईट होती की माणसाला प्राणघातक झटका बसू शकला असता. फोनला लावले असते तर यांतल्या बहुतेकांनी चार्जिंग केलंच असतं.

‘फोन स्वतःला सांभाळतो’

हा अर्धा खरा मुद्दा. ज्याला आपण चार्जर म्हणतो तो खरं तर अडॅप्टर आहे, बॅटरी भरण्याचं काम फोनमधला आयसी करतो. आधी ठरावीक करंट, मग ठरावीक व्होल्टेज, आणि बॅटरी भरली की बंद. त्यामुळे स्वस्त चार्जरने लगेच बॅटरी फुगते, ही भीती बरीचशी फुगवलेली आहे. चार्जर पाचाऐवजी सहा-सात व्होल्ट देऊ लागला तरी आजचे बरेच फोन ते ओळखून आत घेत नाहीत.

पण फोन पाहतो ते केबलमधल्या दोन तारांमधलं व्होल्टेज. इन्सुलेशन फुटलं की दोन्ही तारा मिळून जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर जातात, आणि त्यांच्यातला फरक मात्र पाचच राहतो. फोनच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं. झटका बसतो तो ओल्या फरशीवर उभं राहून फोन कानाला लावणाऱ्याला.

चार्जिंग चालू असताना स्क्रीन आपोआप टॅप होते किंवा बोट ओळखत नाही, हेही याच तारांवरच्या गोंगाटाचं लक्षण असतं. केबल बदलून फरक पडला नाही, तर चार्जर बदला.

‘झिणझिण्या नाहीत, टेस्टर पेटत नाही’

हिशेब करून पाहू. १ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ०.०७ मिलिअँपिअर वाहतो, २.२ नॅनोफॅरडमधून ०.१६. अशा दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांना मानकाने ०.२५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा दिली आहे. धातूच्या पाठीच्या फोनवरून बोट हलकेच फिरवलं की जाणवणारी थरथर ती हीच, आणि निऑनचा टेस्टर एवढ्यावरही मंद पेटू शकतो. म्हणजे टेस्टर पेटला म्हणून चार्जर वाईट ठरत नाही. आणि न पेटला म्हणून चांगला कसा ठरेल? पातळ इन्सुलेशन जोवर फुटलेलं नाही, तोवर टेस्टरला दाखवण्यासारखं काहीच नसतं. लाकडी पलंगावर किंवा रबरी चपलेवर बसलेल्याला तर फुटल्यावरही कदाचित कळणार नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी उपयोगी चाचणी: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, त्याच्या दोन टोकांत १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर जोडा. एक टोक सॉकेटच्या अर्थला, दुसरं चार्जरच्या यूएसबी खोबणीच्या धातूला. जोडणी चार्जर बंद असताना करा, मग स्विच लावा आणि कशालाही हात न लावता वाचा. २.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर गळती ०.२५ मिलिअँपिअरच्या वर आहे. पिना फिरवून उलट्या लावा आणि पुन्हा मोजा. मेन्सवर काम करण्याची सवय नसेल, तर ही चाचणी घरी करू नका.

‘एमसीबी पडेल’

एमसीबी भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो. ६ अँपिअरच्या एमसीबीखाली १३०० वॅटहून जास्त उष्णता तो निमूटपणे वाहू देतो. चार्जरच्या डबीत पन्नास-साठ वॅट कोंडले तरी प्लास्टिक वितळतं. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअर गेला तरी जीव धोक्यात येतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, लागतो. तो घरात नसेल तर चार्जर कोणताही असो, बसवून घ्या.

याच्याच जोडीचा वाद, ‘गावाकडे वर्षानुवर्षं चालतोय’. गावाकडेच तर न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्ट शिरण्याचे प्रसंग येतात. तेव्हा आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर ५६५ च्या आसपास पडतात. व्हॅरिस्टर आणि फ्यूज असतील तर फ्यूज उडून चार्जर मरतो. ते नसतील तर कपॅसिटर फुटतो.

मग हजारच मोजायचे का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. जलद चार्जिंगची गरज नसेल तर तीन-चारशे रुपयांत नोंदणीकृत, नीट बनवलेला चार्जर मिळतो. डबीवर इंग्रजी ‘आर’ अक्षर, पुढे आठ आकडी क्रमांक आणि त्यासोबत आयएस १३२५२ (भाग १) किंवा आयएस/आयईसी ६२३६८ असं छापलेलं असतं. २०१२च्या आदेशाने आलेल्या सक्तीच्या नोंदणीची ही खूण आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाका. येणारं उत्पादकाचं नाव आणि ब्रँड डबीवरच्याशी जुळलं पाहिजे. नुसता क्रमांक छापणं कुणालाही जमतं, म्हणून हे जुळवणं टाळू नका. सीई ही खूण युरोपच्या बाजारासाठी उत्पादक स्वतःच लावतो, तिच्यावर इथे विसंबू नका. डबीच्या वजनावरही नको.

अँपिअरचा आकडा तपासायचा तर यूएसबी मीटर आणि २.५ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर पुरतो. २ अँपिअर लिहिलेल्या चार्जरवर अर्धा तास लावा. रेझिस्टर सणसणीत तापतो, तो फरशीवर ठेवा. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये राहायला हवं आणि डबीवर हात ठेवता यायला हवा.

पिनाही बघा. अनेक चार्जरांच्या पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात, आपल्या ६ अँपिअर सॉकेटची भोकं ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी असतात. सैल बसलेली पिन ठिणग्या टाकते, काळी पडते आणि तापते. सॉकेट घट्ट धरत नसेल तर आधी ते बदला.

डबी नखाने उघडत असेल, फोन न लावताही ती गरम लागत असेल, पिनेपाशी तपकिरी डाग असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या चार्जरची दुरुस्ती करू नका. पिना पक्कडीने वाकवून तो ई-कचऱ्यात द्या. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलात, तर घरातलं कुणीतरी तो पुन्हा सॉकेटला लावेल.