शांतता क्षेत्राची पाटी आणि वॉर्डातला मॉनिटर

मुंबईत आवाजाचा विषय निघाला की गाडी लाऊडस्पीकर, हॉर्न आणि डीजेवर येऊन थांबते. लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर सांगितले, तेव्हा पुन्हा तेच झाले. रुग्णालयाचा मुद्दा येतो तो शांतता क्षेत्रापुरता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरांत दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय असे क्षेत्रच मानले जात नाही. यावर भांडायलाच हवे. पण हे भांडण रुग्णालयांच्या फार सोयीचे आहे, कारण तोवर आत कोणी डोकावत नाही.

इथे ब्रिटनमध्ये वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला बंदी आहे आणि लोक ती बऱ्यापैकी पाळतात. तरी इंग्लंडमधल्या पाच आयसीयूंची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी बघा. आवाज कायम ४५ डेसिबलच्या वर, निम्म्याहून जास्त वेळ ५२ च्या वर, आणि रात्रीही ८५ च्या वरचे दणके तासाला सोळापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने वॉर्डासाठी रात्री सुचवलेली पातळी ३० आहे. रस्ता शांत असूनही हे होते, कारण आवाज खाटेपासून हातभर अंतरावर तयार होतो.

त्यात पहिला मान मॉनिटरचा, म्हणजे खाटेशेजारी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्राचा. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला, त्यात ८५ ते ९९ टक्के अलार्मना काहीच करावे लागत नाही असे म्हटले होते. सिस्टरांचा कान त्याला सरावतो, रुग्णाचा सरावत नाही: झोप तुटते, नाडी आणि रक्तदाब वर जातात, वयस्कर माणूस रात्री भ्रमात बडबडू लागतो. आवाजाचे बटण खाली करणे हा यावरचा उपाय नव्हे. त्याने खरा अलार्मही बुडतो. करायचे ते असे. ईसीजीचे चिकट पॅच रोज बदलायचे. त्वचा साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची, स्पिरिटने नाही, कारण स्पिरिटने ती रुक्ष होते आणि सिग्नल खराब येतो. मे महिन्यात बिनएसीच्या वॉर्डात घामाने पॅच सुटतात आणि मॉनिटर धडधड थांबल्याची आरोळी ठोकतो, तेव्हा तिथे दिवसातून दोनदा बदलले तरी चालेल. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या क्लिपचा अलार्म लगेच न वाजता थोड्या सेकंदांनी वाजावा. एकोणीस सेकंदांचा उशीर दिला तर निरुपयोगी आणि दुर्लक्षित अलार्मपैकी सुमारे दोनतृतीयांश गळतात, असे २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासाचे गणित आहे. हृदय बंद पडणे किंवा घातक लय यांना मात्र एक सेकंदाचीही सवलत नाही. जुना दमेकरी आणि काल बायपास झालेला माणूस यांना अलार्मची एकच मर्यादा लावून ठेवणे हा आळस आहे. राउंडला डॉक्टरांनी खाटेगणिक आकडे ठरवावेत आणि ते केसपेपरवर लिहून सही करावी. सही नसली की पाळी बदलताना मशीन परत कंपनीच्या आकड्यांवर जाते.

दुसरा नंबर चाकांचा. कोटा लादीच्या सांध्यांवरून कडक नायलॉनच्या चाकांची स्टील ट्रॉली पहाटे पाचला निघाली की आख्खा मजला जागा होतो. १२५ मिलिमीटर व्यासाची मऊ रबरी चाके बसवली तर फरक दारातूनच ऐकू येतो. ती बिघडतात दोन कारणांनी: आसात केस आणि धागे गुंडाळले जातात, आणि फिनेल-ब्लीचच्या पाण्याने बेअरिंग गंजते. महिन्यातून एकदा चाक काढून साफ केले तर ती टिकतात. स्टीलच्या कप्प्यात रबरी चटई, स्टुलाच्या पायांना बुचे, धाडकन आपटणाऱ्या दाराच्या क्लोजरचा स्क्रू थोडा घट्ट. आणि लिफ्टमधली ती ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणणारी बाई! रात्री तिला जरा हळू बोलायला लावता येते.

छताबद्दल मात्र युरोपची नक्कल जपून करावी. स्टॉकहोमजवळच्या हुडिंगे रुग्णालयात हृदयरुग्णांच्या विभागात आवाज परतवणारे छत बदलून शोषणारे लावले, तेव्हा रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले आणि सिस्टरांच्या वागण्याबद्दलचे मतही सुधारले. हे २००५ चे काम. पण परळ-सायनकडच्या जुन्या वॉर्डांत उंच स्लॅब, लटकते पंखे आणि उघड्या खिडक्या असतात. तिथे फॉल्स सीलिंग बसत नाही, आणि साध्या मिनरल फायबरच्या टाइल पावसाळ्यात ओल धरून बुरशीने काळ्या पडतात. त्याऐवजी भिंतीच्या वरच्या पट्ट्यात, हात पोचणार नाही अशा उंचीवर, पुसता येतील अशा आवरणाचे पॅनेल लावावेत.

उघड्या खिडकीने आवाज जेमतेम १० ते १५ डेसिबल कमी होतो. बाहेर ७० असेल तर आत ५५ च्या खाली येणे अशक्य. म्हणून मुंबईत बाहेरचा लढा लंडनपेक्षा जास्त गरजेचा, हे मी मान्यच करतो. इंग्लंडने नवी रुग्णालये पूर्ण एकेकट्या खोल्यांची बांधायचे ठरवले आहे. महापालिकेच्या गर्दीत ते स्वप्न बघण्यात अर्थ नाही.

नातेवाइकांना दोष देण्याची एक सवयही तिकडे आहे. इथे भेटीची वेळ संपली की ते घरी जातात आणि मग रात्रभर बेल वाजतात, कारण सलाईन संपली हे सांगायला कोणी जागे नसते. मुंबईत खाटेखाली चटई टाकून झोपलेली मुलगी किंवा काका ते काम उठून, चालत जाऊन, हळू आवाजात करतात. त्यांचा मोबाइल सायलेंटवर असला की पुरे, शिट्टी मारून वॉर्ड रिकामा करणाऱ्या सुरक्षारक्षकाची गरज नाही.

राहिला पैसा. छत सोडले तर यातले बहुतेक काम दुरुस्तीच्या खर्चात भागते. अडते ते खरेदीत: ट्रॉलीच्या निविदेत चाकाचा व्यास आणि रबर लिहिलेले नसते, मग सर्वांत कमी दराची नायलॉनचीच चाके येतात.