खुलासा: घड्याळं जुळवायला इंटरनेट लागतंच असं नाही

भोसरीतल्या छोट्या कारखानदारांत एक मेसेज फिरतोय: ‘इंटरनेट नसेल तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरची घड्याळं एकसारखी राहूच शकत नाहीत.’ हे साफ चूक आहे. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरची घड्याळं जुळवायची पद्धत, १९८५ पासून वापरात आहे. त्याला नेटवर्क लागतं, इंटरनेट नव्हे. एका लिनक्स मशीनवर क्रोनी (chrony) हा एनटीपीचा प्रोग्राम टाका. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम १०’ (local stratum 10) ही ओळ लिहा, म्हणजे बाहेरून वेळ मिळाली नाही तरी ते मशीन स्वतःची वेळ बाकीच्यांना देईल; ‘अलाऊ’ (allow) या ओळीने आपल्या नेटवर्कला परवानगी द्या, यूडीपी पोर्ट १२३ उघडा. बाकीच्या मशीनना त्याचाच पत्ता द्या.

मेसेजमधलं एवढं खरं, की मुख्य घड्याळच सरकलं तर सगळीच सोबत सरकतील. २० पीपीएमची (दहा लाखांत २० भागांची) चूक म्हणजे दिवसाला जवळपास पावणेदोन सेकंद. पावती-चलनांच्या नोंदी आपसात जुळायला ते चालतं. अचूक भारतीय वेळच हवी असेल तर त्या मशीनला जीपीएस रिसीव्हर जोडा, अँटेना मोकळ्या आकाशाखाली ठेवा.